ख्रिस्ती विश्वास इतरांपर्यंत पोचवायला वागणं पुरेसं, की तोंडानं सांगायलाही हवं?

नगरकर:
'सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा' हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर चर्चच्या मंडळ्यांतून फिरतं. त्यांच्या लिखाणात ते सापडत नाही. त्यांच्या संन्यासी बंधूंसाठीच्या 1221 च्या नियमावलीत, 17 व्या प्रकरणात, सर्व बंधूंनी कृतीतून उपदेश करावा असं आहे खरं. पण ते प्रकरण प्रवचन करणाऱ्यांबद्दलच आहे, आणि फ्रान्सिस स्वतः गावोगाव बोलत हिंडले. शेजारी चांगला वागतो म्हणून येशूचं पुनरुत्थान कुणाला कळत नाही. माणूस भला आहे, एवढंच कळतं. बायबलमधलं रोम 10:14 काढून बघा: सांगणारा नसेल तर ऐकणार कसे?

वसईची माई:
भला तरी कुठे वाटतोय? घरकामाच्या बाईचे खाडे कापायचे, पगार दहा तारखेवर ढकलायचा आणि नाताळात केकच्या डब्यावर धर्माचं पत्रक ठेवून द्यायचं. चर्चमध्ये 'ख्रिस्तात सगळे एक' म्हणायचं नि मुलाचं स्थळ बघताना जात विचारायची. हे सगळं गावाला दिसतं. बायबलमध्येच, 1 पेत्र 3:1 मध्ये, बायकोनं नवऱ्याला वचनाशिवाय, वागणुकीनं जिंकण्याचीच गोष्ट आहे.

नगरकर:
त्याच अध्यायातलं 15 वं वचन सोडलंत. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, तेही सौम्यपणे. तयार, म्हणजे आधी तयारी हवी. तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे: आधी काय मानत होतो, काय बदललं, आज काय फरक आहे. पहिल्या भागावर दोन मिनिटं गेली की साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची ही गोष्ट, बिघडलीच. ऐकणाऱ्याला फक्त दारू नि भांडणं लक्षात राहतात. आणि समोरच्याच्या देवाधर्माला नावं ठेवलीत, तर पुढचं कुणी ऐकत नाही. का ऐकावं?

मिरजेचा:
जागेचंही बोला. रुग्णाच्या उशाशी पत्रक ठेवू नये, त्याला उठून जाता येत नाही. शाळेची फी भरली, धान्य दिलं, तर त्याच भेटीत प्रार्थनेचं आमंत्रण नको. दिलं तर मदतीची किंमत मागितल्यासारखं होतं. कायद्याचंही भान असू द्या: धर्मप्रसाराचा हक्क राज्यघटनेचं कलम 25 देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये म्हटलंय.

वसईची माई:
पटलं. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं बघा. स्वतःचा नवरा ख्रिस्ती झाला तरी बायकोला एवढा वेळ लागतो, आणि आपण तीन मिनिटांचं घड्याळ लावतो!

नगरकर:
टिळक गप्प होते का त्या काळात? अभंग लिहिले, कीर्तनं केली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. पगारी उपदेशकाच्या शब्दाला वजन कमी पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पण उपाय म्हणून त्यांनी बोलणं थांबवलं नाही, पगार थांबवला.

वसईची माई:
हा मुद्दा मान्य. तुमच्या रोम 10:14 पेक्षा बरा! मग घरी वाचन ठेवा. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान 16 अध्यायांचं, आठवड्याला चार म्हणजे महिन्यात होतं. पाच-सहा माणसं, लाउडस्पीकर नाही, चहा शेवटी. आणि पहिले दोन आठवडे यजमानानं अर्थ सांगायचा नाही, आलेल्यांना काय खटकलं ते विचारायचं. तिथे निम्मे यजमान नापास होतात, तुम्ही धरून.