मुडदुशीसाठी रॉड सुचवा (देवबाग, डिसेंबर, बजेट ३,०००)

पुणेरी_गळ: डिसेंबरअखेर सासुरवाडीला देवबागला जातोय. कर्ली खाडीच्या मुखाकडे सुकतीला वाळू उघडी पडते, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून मुडदुशी गरवायची आहे. रॉड, रील, दोरी मिळून तीन हजारांत काय घ्यावं? होडी नको.

रीलवाला: तीन हजारांत खेळणं येतं. माझं शिमानोचं रील बारा हजारांचं. तांबोशी लागो नाहीतर जिताडा, कुरकुर नाही. थोडं बजेट वाढवाच.

तारकर्लीकर: मुडदुशेक बारा हजाराचा रील? वीतभर मासो तो! नायलॉनचो तंगूस, बारको गळ, इल्लासा शिसा, झाला काम. आमचो आजो हातानच गरवी.

मतलई: रॉड कुठलाही चालेल, गळाकडे बघा. तिचं तोंड चिमुकलं, आठ-दहा नंबरचाच गळ हवा. थंडीत पाणी नितळ असतं, जाड तंगूस तिला दिसतो. वाळूतले किडे टिपत फिरते, म्हणून आमिष तळाला टेकलं पाहिजे. सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरे.

रीलवाला: तंगूस कशाला, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी घ्या. लांब जाते.

कालवंवाली: आणि कालवांच्या खडकाला घासली की तुटते. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा रॉड, सोडून काहीही घ्या, सांध्यात वाळू गेली की दांडा धड उघडत नाही, धड मिटत नाही. अनवाणी उतरू नका. पाय घासत चाला, पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत दबून बसते. दिराला काटा लागला तेव्हा सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला, मग कळ उतरली. तरी दवाखान्यात नेलंच.

मासेखाऊ: मुडदुशी रव्यात की तांदळाच्या पिठात?

तारकर्लीकर: रवो लावणाऱ्यान मासो खाव नये.

मासेखाऊ: आमच्याकडे रवाच लावतात. कुरकुरीत होतात.

मतलई: विषयावर या. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास सुकती. पाणी चढायला लागलं की मासा चरायला वाळूवर येतो, गरवायची वेळ तीच. मात्र पाठीमागचा चर आधी भरतो, तिकडे लक्ष असू द्या. मुखाशी ओढ जबर आहे. उशीर केलात तर बोटींच्या धुमाकुळात काही लागणार नाही.

रीलवाला: घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने पुसा. माझं पहिलं स्वस्तातलं खाऱ्या पाण्याने जाम झालं. म्हणून म्हणतो, बारा हजार.

कालवंवाली: दादा, त्यांचं बजेट तीन आहे.

पुणेरी_गळ: सगळ्यांचे आभार. टेलिस्कोपिक सेट घेतला, चौदाशेला. बायकोच्या बॅगेत मावतो, एसटीत मिरवत न्यायला नको. आठ नंबरचे गळ वेगळे घेतले. नाहीच लागलं काही तर मेहुणा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतोच.

तारकर्लीकर: मगे मेवण्यावांगडा पागूकच जा. चौदाशे फुकट गेले.