पट्ट्याच्या जोडावर टाका आखूड पडतो: मशीन बदलायची की चामडं तासायचं?

रापीवाला
चामड्याच्या लॅपटॉप बॅगेच्या अंगावर ४ मिलिमीटरचा टाका सरळ धावतो. पट्ट्याच्या जोडाशी दोनाचे चार थर झाले की तोच टाका अडीच-तीनवर येतो आणि पलीकडे उतरताना एखादा वेडावाकडा पडतो. विचारलं की सगळे एकच सांगतात, कम्पाउंड फीडची, म्हणजे सुई, दात आणि पाय मिळून चामडं सरकवणारी मशीन घ्या. मला हे पटत नाही. साध्या मशीनवर चामडं पुढे नेतात ते फक्त खालचे दात, वरचा पाय नुसता दाबून धरतो. जाड थर आला की पायाचं टोक वर चढतं, तळवा तिरका होतो आणि दातांची पकड सुटते. म्हणजे अडचण पायरीची आहे. दीड मिलिमीटरचे दोन थर वाढले म्हणजे ३ मिलिमीटरची भिंत! आतल्या थरांच्या कडा रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, उतरत्या केल्या तर पायाला भिंत लागतच नाही.

धारावीकर
दादा, ज्या जागी तुम्ही तासताय तिथेच लॅपटॉपचं सगळं वजन लटकतं. चामड्याची ताकद वरच्या गुळगुळीत पापुद्र्यात थोडी आणि खालच्या तंतूंमध्ये जास्त असते. रापी नेमके तेच तंतू काढून टाकते. टाके सुंदर दिसतील, पण जोड फाटेल.
कम्पाउंड फीडमध्ये सुई चामड्यात असतानाच दात आणि आतला पाय तिच्याबरोबर सरकतात, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. आमच्याकडे मजुरी नगावर मिळते. प्रत्येक बॅगेच्या कडा तासत बसायला वेळ कोण देणार?

रापीवाला
पट्टा तासा असं मी म्हणतच नाही. पट्टा पूर्ण जाडीचाच राहू दे. तासायची ती आत दुमडलेली घडी आणि आतून लावलेला आधाराचा तुकडा, ज्यांच्यावर ओढ येत नाही. आणि तुमच्या मशीनवरही पाय किती उचलायचा ते जुळवावं लागतंच. उचल कमी ठेवली तर तो पाय पायरीला अडतो आणि टाका पुन्हा आखूड.

घरचं_शिवणकाम
तुम्ही दोघं कारखान्यातून बोलताय. माझ्याकडे घरातलीच मशीन आहे आणि दोन पातळ थर नि एका जाड जोडापुरती ती पुरते. पाय पायरीवर चढायला लागला की सुई खाली ठेवून पाय उचलते, पायाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवते. तळवा सपाट राहतो. उतरताना तोच तुकडा पुढून. तेवढे टाके मोटरवर नाही, चाक हाताने फिरवून घालायचे. मात्र चामडं हाताने ओढायचं नाही. ओढलं की सुई वाकते, खालचा हूक दोरा चुकवतो आणि टाका सुटतो. कापडासारखं उसवून परत शिवता येत नाही, पडलेलं भोक कायमचं.

धारावीकर
ताई, एका बॅगेला ही पद्धत उत्तम. पण शंभर नगांची ऑर्डर असेल तर? तुकडा सरकवताना हात प्रत्येक वेळी थोडा इकडे-तिकडे होणारच. सर्व्हो मोटर (वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारी) लावून वेग खाली आणा, सुई चामड्याची धारदार टोकाची घ्या, आणि टाक्याच्या लांबीच्या डायलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. त्याच चामड्याचे चार थर चिकटवून दहा टाके घाला, पट्टीने मोजा. आखूड भरले तर लांबी थोडी वाढवा.

रापीवाला
वाढवलेली लांबी पातळ भागावर लगेच दिसेल. चार थरांवर बरोबर आलेला टाका दोन थरांवर साडेचारचा पडेल आणि गिऱ्हाईक तोच भाग आधी बघतं. म्हणून म्हणतो, आधी जाडीतला फरक कमी करा, मग वाटेल ती मशीन लावा.

धारावीकर
जुळवलेल्या कम्पाउंड फीडवर एवढा फरक पडत नाही. आणि भार घेणाऱ्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला चालेल, पातळ केलेलं चामडं नाही.