महिना उलटला तरी खोकला जात नाही, कोणती तपासणी करावी? (मदत हवी आहे)

वैतागलेला_मी
मंडळी, जरा लवकर सांगा. आधी सर्दी-ताप होता, तो गेला. खोकला मात्र महिना उलटला तरी हटत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, सिरपच्या बाटल्या संपल्या, एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, हळूहळू जाईल. म्हणजे किती हळूहळू? रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. थेट सीटी स्कॅनच करून टाकावा का? 'डॉक्टरांना दाखवा' असं कृपया लिहू नका, दाखवून झालंय.

निशिगंध
खोकला नक्की कुणाला? वय? कोरडा की कफ पडतो? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गप्पिष्ट
वाफ घ्या. दिवसातून तीनदा, डोक्यावरून टॉवेल घेऊन. आमच्या घरात याच्यापुढे कुठलंच औषध टिकत नाही.

तिरकस
गप्पिष्टराव, वाफेने नाक घटकाभर मोकळं होतं, संसर्ग जात नाही. आणि लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवू नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात.

परिचारिका_ताई
लहान मूल असेल असं धरून लिहिते. शर्ट वर करा, मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एका लयीत नसतो. २ महिन्यांपर्यंत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त भरला तर तो जलद श्वास, न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, तर मोजत बसू नका, उचला आणि दवाखाना गाठा.

वैतागलेला_मी
मूल कुठून आलं मध्येच? वडिलांना आहे खोकला. वय ६७. कोरडाच आहे, घशात काहीतरी खवखवतंय म्हणतात. आता सीटीचं सांगा.

ठाम_मत
अँटिबायोटिक अर्धवट घेतलं असणार. तिसरं, जरा स्ट्राँग लिहून घ्या. कफ पिवळा-हिरवा असेल तर बॅक्टेरियाच, डोळे झाकून.

तिरकस
ठाम_मत, कोरडा खोकला आहे म्हणून त्यांनी आत्ताच लिहिलंय. आणि हिरवा रंग बॅक्टेरियाचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो. साध्या व्हायरल सर्दीतही कफ हिरवा होतो. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे किती धाग्यांवर लिहायचं?

ठाम_मत
मला दर वेळी अँटिबायोटिकनेच बरं वाटतं. अनुभव आहे.

तिरकस
सर्दी तशीही आठवडा-दहा दिवसांत बरी होते. श्रेय गोळीला.

निशिगंध
भांडण बाजूला ठेवा. धागाकर्ते, व्हायरलनंतरचा खोकला ३ ते ८ आठवडे रेंगाळू शकतो, तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही. पण वय बघता विचारते: ताप परत येतो का, वजन उतरलंय का, थुंकीत रक्त? धाप? सिगारेट? आणि रोजची औषधं कोणती?

वैतागलेला_मी
ताप नाही, वजन आहे तेवढंच, रक्त नाही. जिना चढताना दम लागतो पण तो पूर्वीपासूनच. सिगारेट सोडून कैक वर्षं झाली. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र ९७ दाखवतं. बीपीची गोळी चालू आहे, तिचा काय संबंध?

झुळूक
आमच्याकडे एअर प्युरिफायर आणल्यापासून खोकला बंद. हेपा फिल्टरवालाच घ्या.

परिचारिका_ताई
संबंध आहे! गोळीचं नाव सांगा, ब्रँड नको. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं ते. शेवटी 'प्रिल' आहे का? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल वगैरे?

गप्पिष्ट
अवांतर: मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते, त्यावर उपाय आहे का कुणाकडे?

तिरकस
नाकावरची तार नीट दाबा. वाफेचा एवढा पुरस्कार करता, आणि तीच नको?

वैतागलेला_मी
रामिप्रिल. आजारपणाच्या थोडं आधीच बदलून दिली होती. पण बीपी उत्तम आहे त्याने.

परिचारिका_ताई
बीपी उत्तमच राहणार. या गटातल्या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो साठला की श्वासनलिका चाळवते. कोरडा खोकला, घशात खवखव, एक्स-रे स्वच्छ, अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. सगळ्यांनाच होतो असं नाही, आणि कधी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही होतो. मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना 'खोकला' एवढंच सांगू नका, गोळी कधी बदलली तेही सांगा. बहुतेक डॉक्टर तिच्याऐवजी 'सार्टन' गटातली बीपीची गोळी लिहून देतात.

निशिगंध
+१. तरीही दोन गोष्टी सोडू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की टीबीची तपासणी करायचीच, एक्स-रे स्वच्छ असला तरी डॉक्टरांना विचारा. आणि जुनी सिगारेट व दम म्हटल्यावर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकायची तपासणी. 'वयामुळे दम लागतो' म्हणत सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) वर्षानुवर्षं अंगावर काढणारे खूप आहेत. सीटी नंतरचं.

ठाम_मत
एवढ्या तपासण्यांपेक्षा फ्लूची लस घेतली असती तर काही झालंच नसतं. नाहीतर लस घेऊनही मला झालाच होता फ्लू, त्यामुळे तिचंही काही खरं नाही.

तिरकस
एकाच प्रतिसादात दोन्ही बाजू! लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि व्हायरस रूप बदलतो म्हणून ती दर वर्षी घ्यायची. फ्लू झाला तरी ६५ च्या पुढच्यांना ॲडमिट व्हायची पाळी कमी येते, तो खरा फायदा. न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धच्या) लशीचंही विचारून ठेवा. असो, हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

वैतागलेला_मी
डॉक्टरांशी बोललो. गोळी बदलली, स्पायरोमेट्री आणि थुंकीची तपासणी सांगितली. थुंकीचा नमुना लॅबने परत पाठवला, म्हणे नुसती लाळ आहे. कोरड्या खोकल्यात थुंकी आणायची कुठून? आणि गोळी बदलून चार दिवस झाले, खोकला आहेच!

परिचारिका_ताई
चार दिवसांत जाणार नाही, १ ते ४ आठवडे धरा, काहींना ३ महिनेही लागतात. नमुन्यासाठी सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन मग छातीतून खाकरायला सांगा. तरी नाही निघाला तर लॅबमध्ये मिठाच्या पाण्याचा फवारा देऊन काढतात. आणि मध्येच वडील असंबद्ध बोलू लागले, फार गळून गेले, तर ताप नाही म्हणून थांबू नका. या वयात न्यूमोनिया कधी कधी तापाशिवायच येतो.

झुळूक
माझीही बीपीची गोळी आहे, ॲम्लोडिपिन. खोकला नाही, पाय सुजतात. थांबवू का?

निशिगंध
थांबवू नका, पायाची सूज हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे, डॉक्टरांना दाखवा. आणि वेगळा धागा काढा.