तळ्यातला ट्राउट आणि वर्तुळांचा चकवा

डोंगरातल्या तळ्यावर दुपारी ट्राउट मासे उसळताना दिसतात, पण फ्लायकडे, म्हणजे किड्याची नक्कल करणाऱ्या गळाकडे, ढुंकूनही पाहत नाहीत, अशी तक्रार मासे पकडणारे करतात आणि त्यावर फ्लाय बदलत राहण्याचा सल्ला दिला जातो. माझ्या मते फ्लाय बदलण्याआधी तिची जागा, खोली आणि चाल तपासावी. ओढ्यातला ट्राउट एका जागी थांबून प्रवाहाने आणलेले अन्न टिपतो. तळ्यात प्रवाह नसल्याने त्याला बहुधा काठाकाठाने फिरत अन्न शोधावे लागते, म्हणून मासा उसळून पाण्यावर वर्तुळ उठले तिथेच फ्लाय टाकली, तर मासा तोवर पुढे सरकलेला असतो. त्याचा रोख ओळखून फ्लाय आधीच वाटेत टाकून ठेवावी. शिवाय पाण्यावर नुसती पाठ आणि शेपटी दिसली, तोंड दिसले नाही, तर तो बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या किंचित खाली, वर येणारे मिज या चिलटासारख्या बारीक माशीचे कोष खात असतो, आणि तेव्हा तरंगणाऱ्या फ्लायचा फारसा उपयोग होत नाही. कोषाची नक्कल करणारी बारीक फ्लाय लांब लीडरला, म्हणजे दोराच्या टोकाच्या बारीक धाग्याला, बांधून दोर इतका सावकाश ओढावा, की तो हलतो आहे की नाही अशी शंका यावी. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे कीटक जमा होतात, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध फेकण्याचा त्रास सोसलेला बरा. पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या आसपास गेल्यास मात्र गळ आवरता घ्यावा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमवून सोडलेला ट्राउट पुष्कळदा वाचत नाही.