पप्पांचं वर्षश्राद्ध, काय करावं?

पुढच्या महिन्यात पप्पांना जाऊन वर्ष होतंय. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्य गेलं त्यांचं, नखं कायम पिवळी, घरी आले की आधी पिशवीतनं आईचा गजरा काढायचे मग चप्पल. 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा स्वतःचा गुडघा गेलेला असताना आईला पाठीवर घेऊन जिना चढले. जेवणावळ नको म्हणते आई. सुचवा काहीतरी.

– आम्ही आण्णांच्या नावानं गावच्या शाळेला पुस्तकं दिली. हार घालून भाषणं तेवढी नकोत बाबा, कंटाळा येतो लोकांना.

– दादा, आईलाच विचार की.

– विचारलं. म्हणाली आयर्विन पुलाजवळ घाटावर जाऊन बसू, येताना भडंग घ्यायचं, ते घ्यायचे तसं. गजऱ्याचं विचारायचं धाडस नाही झालं.