पीएस४ उघडून साफ केला, आता डिस्क आत घेत नाही

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर टाकावा की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण आपल्यात स्वतःच्या हाताने काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून लिहिते.

मुलाचा पीएस४ (प्लेस्टेशन ४, गेम खेळायचा कन्सोल) आहे, २०१४ साली घेतलेला, पहिल्या घडणीचा. त्याचा पंखा इतका घोंघावायला लागला होता की शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. व्हिडिओ पाहून, प्रत्येक पायरीला फोटो काढत तो उघडला. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) धुळीचा थर जमला होता, तो काढला. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावली. बंद करून चालू केला, तर चित्र व्यवस्थित आणि पंखा शांत.

पण डिस्क आत घेत नाही. बोटाने सरकवली की थोडी जाते आणि अडते. इजेक्टचं, म्हणजे डिस्क बाहेर काढायचं बटण दाबलं तरी काही होत नाही. डिस्क वाचणारा भाग, म्हणजे ड्राइव्ह, मी उघडलेला नाही, फक्त बाजूला काढून परत जागेवर बसवला. उघडण्याआधी तो व्यवस्थित चालत होता.

मुलगा सुट्टीला येणार आहे. त्याची कित्येक वर्षांची सेव्ह (गेममध्ये जिथवर पोचला त्या नोंदी) त्या यंत्रात आहेत आणि ते माझ्या हातून बिघडलं, हे मनातून जात नाही. याच मॉडेलचा अख्खा ड्राइव्ह ऑनलाइन मिळतोय. मागवू का?

आपली,
वाचनालय विभाग

---

ताई,

मागवून टाका. चार स्क्रू काढायचे, जुना बाहेर, नवा आत. तरीही नाही झालं तर सेफ मोडमध्ये (यंत्राच्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन ७ नंबरचा पर्याय घ्या, सगळं सॉफ्टवेअर नव्याने बसतं.

आपला,
क्रीडा समिती

---

ताई, थांबा. अजून काहीही मागवू नका. आणि ७ नंबरला हात लावू नका. ६ आणि ७ हे दोन्ही पर्याय हार्ड डिस्क पुसून टाकतात, मुलाची सेव्ह जातील. डेटाबेस नव्याने बांधणारा ५ नंबरचा पर्याय सेव्हना धक्का लावत नाही, पण तुमच्या दुखण्याशी त्याचाही संबंध नाही. डिस्क आत ओढणं हे मोटर आणि रोलरचं काम आहे, ते सॉफ्टवेअर नव्याने घालून सुधारत नाही.

क्रीडा समितीच्या दादांना एक सांगायचं आहे. पीएस४ मध्ये अख्खा ड्राइव्ह बदलून भागत नाही. ड्राइव्हचा जो स्वतःचा छोटा सर्किट बोर्ड असतो त्याची आणि मदरबोर्डाची (यंत्राच्या मुख्य बोर्डाची) कारखान्यातच जोडी लावलेली असते. दुसऱ्या यंत्रातला बोर्ड आणून लावला तर मदरबोर्ड त्याला ओळखत नाही आणि गेमची डिस्क चालत नाही. म्हणून दुसरा ड्राइव्ह आणलाच तरी आपला मूळ बोर्ड त्यात काढून लावावा लागतो. पीएस३ मध्येही असंच होतं, एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वनमध्येही जोडीचाच मामला आहे. ताई, तुमचा मूळ बोर्ड सोन्यासारखा जपा. जुना ड्राइव्ह कितीही बिघडलेला वाटला तरी टाकून देऊ नका.

आता मला तीन गोष्टी सांगा.

१. प्लग लावून यंत्र चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ड्राइव्हच्या बाजूने छोटासा घर्रर्र आवाज येतो का? कान जवळ नेऊन ऐका.
२. डिस्क सरकवताना रोलर किंचित तरी फिरतात का, की नुसता रबराचा अडथळा लागतो?
३. परत बसवताना ड्राइव्हच्या केबली तुम्ही कशा लावल्या?

आपला,
माजी खजिनदार

---

काका,

तुम्ही लिहिलंत म्हणून धीर आला.

> पहिल्या काही सेकंदांत आवाज येतो का?

अजिबात नाही. पूर्वी यायचा, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं.

> रोलर किंचित तरी फिरतात का?

नाही. डिस्क रबराला टेकते आणि थांबते.

> केबली कशा लावल्या?

रुंद, सपाट पट्टीसारखी एक केबल होती ती सरकवून दाबली. दुसरी वायर आपोआप बसली असं वाटलं. सुरुवातीच्या फोटोत ती पट्टी अगदी सरळ दिसते. बंद करण्याआधीचा फोटो मात्र काढलेला नाही.

---

ताई,

तुमच्या उत्तरांवरून माझा अंदाज जवळजवळ पक्का झाला आहे. ड्राइव्हपर्यंत वीज किंवा आज्ञा पोचतच नाही.

हे कसं ओळखायचं ते सांगतो, म्हणजे पुढे कुणालाही उपयोगी पडेल. ड्राइव्ह कुठल्या टप्प्यावर अडतो ते बघायचं. काहीच हालचाल नाही, सुरुवातीचा आवाजही नाही, तर केबल किंवा वीज. आवाज येतो पण डिस्क ओढत नाही, तर रोलर, डिस्क ओळखणारे स्विच किंवा गिअर यांच्याकडे वळायचं. विशेषतः कुणी ड्राइव्ह उघडून मधल्याच स्थितीत बंद केला असेल तर हे होतं, कारण आतल्या गिअरला वाटतं की डिस्क आधीच आत आहे. डिस्क आत जाते, फिरते आणि मग ‘ओळखता येत नाही’ असा निरोप येतो, तर लेझर, त्याची केबल किंवा स्वतः डिस्क. तुम्ही पहिल्याच टप्प्यावर आहात आणि ड्राइव्ह उघडलेला नाही, हे सगळ्यात चांगलं.

आता उघडायचं ते असं. यंत्र पूर्ण बंद करा. रेस्ट मोड, म्हणजे यंत्राची झोपेची अवस्था, म्हणजे बंद नव्हे. भिंतीतला प्लग काढून निदान अर्धा तास तसंच ठेवा, कारण त्या घडणीत पॉवर सप्लाय यंत्राच्या पोटातच आहे. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, कधीच नाही. मागचे चार स्क्रू टी८ प्रकारचे आहेत, मध्ये टोक असलेले, ते तुमच्या ओळखीचे झालेच असतील.

ड्राइव्हची पट्टी केबल बाहेर काढा. केबलला धरून ओढू नका, टोकाला जो कडक, बहुधा निळा तुकडा असतो तो धरा. काढण्याआधी तिच्या कनेक्टरला उचलायचा खटका आहे का ते उजेडात नीट बघा. कनेक्टर दोन तऱ्हेचे असतात: एकात नुसतं दाबून बसवायचं, दुसऱ्यात बारीक खटका नखाने उचलायचा, केबल सरकवायची आणि खटका खाली पाडायचा. खटका बंद असताना केबल दाबली तर ती बसल्यासारखी वाटते, पण संपर्क होत नाही.

आता टोकावरचे सोनेरी किंवा चंदेरी पट्टे भिंगाखाली पाहा. एखादा वाकला असेल, दुमडला असेल किंवा त्यावर पांढरी थर्मल पेस्ट लागली असेल तर तिथेच उत्तर आहे. पेस्ट बोटांवरून केबलला लागणं फार सहज होतं. ९० टक्के किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

परत बसवताना पट्टे कुठल्या बाजूला होते ते तुमच्या पहिल्या फोटोवरून ठरवा. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. शेवटी केबलवरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला अगदी समांतर दिसली पाहिजे. एक कोपरा अर्धा मिलिमीटर जरी वर राहिला तरी एक पट्टा शेजारच्या पट्ट्याच्या टोकाला लागू शकतो. दुसरी वायरही काढून पुन्हा लावा. ‘आपोआप बसली असं वाटलं’ एवढ्यावर सोडू नका.

झाकण लावण्याआधी या वेळी शेवटचा फोटो जरूर काढा.

माजी खजिनदार

---

काका!

आवाज आला! प्लग लावला, बटण दाबलं आणि तो घर्रर्र ऐकून मी खुर्चीतच बसले.

पट्टी खरंच तिरकी होती. डावा कोपरा आत, उजवा बाहेर. शिवाय तुम्ही म्हणालात तशी शेवटच्या दोन पट्ट्यांवर पेस्टची पुसट रेघ होती.

पण आनंद पूर्ण झाला नाही. कपाटात पहिली हाताला लागली ती भारतातून आणलेल्या मराठी सिनेमाची डीव्हीडी. ती अगदी अलगद आत गेली, फिरली, पण चालत नाही. मग गाण्यांची एक सीडी घातली, तीही नाही. म्हणजे लेझर गेला का? नवा ड्राइव्ह घेऊन त्यात जुना बोर्ड घालायचा का?

---

ताई, तुम्ही घेतलेल्या दोन्ही परीक्षा यंत्रावर अन्याय करणाऱ्या आहेत. लेझर गेला असं अजून अजिबात म्हणता येत नाही.

सीडी: पीएस४ सीडी वाचतच नाही, अगदी नवा असतानाही नाही. ती बाजूला ठेवा.

डीव्हीडी: सिनेमाच्या डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो. भारत ५ मध्ये येतो, अमेरिका आणि कॅनडा १ मध्ये, पश्चिम युरोप २ मध्ये. तुमचा कन्सोल इथे, भारताबाहेर, विकत घेतलेला, तो इथल्याच क्रमांकाची डीव्हीडी मानतो. ब्लू-रे सिनेमांची वाटणी वेगळी, तिथे भारत सी गटात आहे. काही डीव्हीडींवर सगळ्या प्रदेशांची मोकळीक असते, म्हणून पूर्वी एखादी भारतातली डीव्हीडी चालली असेल आणि ही चालत नसेल, तरी त्यात नवल नाही. पीएस४ च्या गेमच्या डिस्कना मात्र हे प्रदेशाचं बंधन नाही.

आता लेझरबद्दल, कारण तुमच्या शंकेचं खरं उत्तर तिथे आहे. ड्राइव्हमध्ये एकाच जातीचा प्रकाश नसतो. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल, ब्लू-रे वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. पीएस४ चे डिस्कवरचे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात. म्हणून डीव्हीडी चालते पण एकही गेम चालत नाही असं झालं, तर निळा लेझर थकला आहे असा संशय घ्यायचा. उलटही घडू शकतं. म्हणून परीक्षा दोन घ्यायच्या: एक गेमची डिस्क आणि एक इथेच विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी.

डिस्क घालण्याआधी खालची बाजू उजेडात बघा. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. त्यामुळे बोटाचा तेलकट ठसा ब्लू-रेला जास्त नडतो. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा पडला तर तो वाचनाच्या वाटेवरच लांबलचक पसरतो.

एक कळकळीची विनंती. एवढं करूनही डिस्क वाचली नाही तरी स्वतःहून ड्राइव्ह उघडून लेझरचं भिंग पुसायला जाऊ नका, आधी इथे लिहा. ते भिंग केसासारख्या बारीक तारांवर तोललेलं असतं, जोराने पुसलं की कायमचं तिरकं होतं. आणि झाकण उघडं ठेवून यंत्र चालवून ‘लेझर पेटतो का’ असं बघणं डोळ्यांना धोक्याचं आहे. व्हिडिओत लोक ते करतात, तुम्ही करू नका.

माजी खजिनदार

---

काका, ताई,

मी अख्खा ड्राइव्ह मागवायला सांगितलं होतं ते चुकीचं होतं. बोर्डाच्या जोडीचं मला माहीत नव्हतं. बरं झालं वेळेत कळलं. माझ्याकडे एकही ओरखडा नसलेली गेमची डिस्क आणि इथली डीव्हीडी आहे, आज संध्याकाळी ताईंकडे पोचवतो.

क्रीडा समिती

---

मंडळी,

दादांनी आणलेली गेमची डिस्क घातली. दहा-बारा सेकंद फिरली आणि पडद्यावर तिचं चित्र आलं. डीव्हीडीही चालली. मग मुलाचा स्वतःचा गेम घातला, त्याची सेव्ह उघडून पाहिली, सगळी जागच्या जागी आहेत. काका, तुम्ही ७ नंबरला हात लावू नका असं वेळेवर सांगितलंत, त्याचे आभार कसे मानू कळत नाही.

एक शेवटची शंका. यंत्र तासभर चालल्यावर दोनदा डिस्क आपोआप बाहेर आली. मी बटणाला हात लावला नव्हता.

वाचनालय विभाग

---

ताई, पहिल्या घडणीच्या पीएस४ मध्ये हे बऱ्याच जणांना भोगावं लागलं आहे. इजेक्टचं बटण दाबायचं नसून स्पर्शाने चालणारं आहे. त्याच्या खालच्या बाजूला यंत्राचा एक रबरी पाय आहे. तो उष्णतेने फुगून किंवा वजनाने वर दाबला गेला की बटणाला स्पर्श झाल्यासारखं वाटतं आणि डिस्क बाहेर येते.

तो पाय अलगद उपटून काढा आणि एक दिवस यंत्र तसंच चालवा. डिस्क बाहेर आली नाही तर पायाचं टोक ब्लेडने थोडं कापून परत लावा. त्याआधी, तुम्ही बसवलेलं झाकण त्या कोपऱ्यात नीट खाली गेलंय का ते एकदा चाचपून बघा, तिथे फट राहिली तरी दाब तिरका पडतो. काय होतंय ते उद्या रात्री कळवा, मी मेल बघत असेन.

माजी खजिनदार

---

काका,

झाकण एका कोपऱ्यात खरंच उचललेलं होतं, ते दाबल्यावर टक् आवाज झाला. रबरी पायही काढून ठेवला आहे. काल रात्री तीन तास गेम चालू ठेवला, डिस्क आतच राहिली. पाय कापून परत लावायचं काम मुलगा आल्यावर त्याच्याबरोबर बसून करेन, त्यालाही आतून एकदा बघू दे. शेवटचा फोटो या वेळी काढला आहे, पट्टी सरळ दिसते. इथे जोडत आहे.

वाचनालय विभाग