जावा २५० चा क्रँक: बिग एन्डला (रॉडच्या खालच्या टोकाला) खेळ आलाय, पिनला वेल्डिंग मारावं का?

सातारकर६८
गाडी १९६८ ची, म्हैसूरची जावा २५०, टाइप ३५३. चढाला लोड आला की खालून कडकड येते, न्यूट्रलला जवळजवळ बंद होते. हेड आणि सिलेंडर उतरवून पाहिलं. पिस्टन वर आणून रॉड धरून वर-खाली केला की हाताला टक् असं लागतं. रॉडचं वरचं टोक आडवं ढकललं तर दोनेक मिमी झुकतं. उजवीकडे डायनामोच्या आर्मेचरवर (फिरणाऱ्या भागावर) एकाच बाजूला घासल्याची चमक आहे.

रॉड किट मिळालंय: रॉड, पिन, रोलर, वॉशर. प्रेसवाला म्हणतो, नवी पिन दाबून दोन्ही बाजूंनी वेल्डिंगचे टाके मारतो, म्हणजे क्रँकचे वेब (पिन ज्यांत बसते त्या दोन चकत्या) पिनवर परत फिरणार नाहीत. मारू द्यावं का? आउट (फिरताना शाफ्टचा डोल) किती चालतो? आणि इंजिन उघडलंच आहे तर सोबत काय काय बदलावं?

उद्यमनगर_लेथ
वेल्डिंग अजिबात नको. पिन कडक केलेल्या स्टीलची असते. टाका थंड होताना आकसतो आणि वेबला आपल्याकडे ओढतो, म्हणजे आधी केलेलं ट्रूइंग (क्रँक सरळ करणं) वाया. शिवाय कडक पोलादावरचा टाका बऱ्याचदा बारीक तडकलेलाच असतो, त्यामुळे पकडही भरवशाची नाही. पुढच्या वेळी तो टाका घासून काढताना वेबचं भोक खराब होतं, आणि या गाडीचे चांगले वेब आता सहज मिळत नाहीत.

पिन धरून ठेवतो तो फक्त दाब. म्हणून किट घेऊन प्रेसवर जाण्याआधी मोजमाप करा. पिन मायक्रोमीटरने, वेबचं भोक बोअर गेजने, दोन खोलींवर आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात. पिन भोकापेक्षा ०.०६ ते ०.०८ मिमी मोठी हवी. फरक ०.०४ च्या खाली असेल तर ती पिन बसवू नका. अशी पिन प्रेसमध्ये नीट बसल्यासारखी वाटते, पण क्लच झटक्यात सोडला की सरकते. आधी दुसरं किट मोजून पाहा. भोकच मोठं झालं असेल तर ओव्हरसाइज पिन सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर मापाला करून घ्या. साताऱ्याहून कोल्हापूरचं उद्यमनगर लांब नाही, तिथे हे काम होतं. भोकाला पंच मारून कडा उठवणे हा उपाय नव्हे. पकड त्या चार ठिपक्यांवरच राहते.

किटचा दर्जा घरी तपासता येतो. पिनच्या जिथे रोलर चालत नाहीत त्या कडेला बारीक कानस हलकी फिरवा. ती काचेवरून जावी तशी घसरली पाहिजे. चावली तर पिन मऊ आहे, परत करा. रॉड, रोलर आणि पिन कोरडी जुळवून वर-खाली खेळ शून्य हवा, तरी रॉड स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. आडवा झोक थोडा राहणारच, त्याला घाबरू नका. जुना आणि नवा रॉड वजनकाट्यावरही ठेवा. छोट्या, म्हणजे पिस्टनकडच्या, टोकाकडे नवा बराच जड असेल तर बॅलन्स बदलतो आणि गाडी हँडलला थरथरते.

पिन काढताना वेबच्या खाली, रॉडला जितकं चिकटून जाईल तितकं, जाड यू आकाराच्या प्लेटचा आधार द्या. वेब कडेवर टेकवून दाबला तर तोच वाकतो. बसवताना पहिली पिन एका वेबमध्ये पूर्ण, मग रॉड-रोलर, मग दुसरा वेब. पहिले दोन-तीन मिमी गेले की थांबून दोन्ही वेबच्या कडेवर स्टीलची सरळ पट्टी ठेवा, पिनपासून काटकोनात दोन्हीकडे. पट्टीखाली उजेड दिसला तर तेव्हाच सरळ करा, पिन आत गेल्यावर जोर दसपट लागतो. शेवटी रॉडच्या बाजूला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ०.३ ते ०.५ मिमी जायला हवं. दाबताना प्रेसच्या प्रेशर गेजवर लक्ष ठेवा. पिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाडात आत गेली तर ती काढा, दाब कमी आहे.

डायलवाला_नाना
वरच्या पोस्टशी सहमत. आता आउटचं.

आर्मेचरची एका बाजूची चमक हे जवळजवळ नक्की क्रँकचे वेब पिनवर फिरल्याचं लक्षण आहे. या गाडीत आर्मेचर थेट क्रँकच्या उजव्या टोकावर आणि इग्निशनचे पॉइंटही तिथलेच, त्यामुळे टोक डोललं की ते फील्ड कॉइलच्या पोलना घासतं आणि पॉइंटची गॅपही फेऱ्यागणिक बदलते. बाकी दुचाकींत ०.०५ मिमीवर लोक समाधान मानतात, इथे ०.०३ च्या आत आणा. ०.०२ आलं तर उत्तम.

क्रँक दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) धरा आणि दोन डायल गेज लावा, दोन्ही वेबशेजारच्या बेअरिंगच्या जागेवर. एका डायलने काम केलं तर चूक कुठल्या जातीची आहे ते कळत नाही. चुकीच्या जाती दोनच. पिन आडवी, म्हणजे काटकोनात असताना एक डायल वर आणि दुसरी खाली दाखवत असेल तर वेब पिनभोवती फिरलेले आहेत. क्रँक सेंटरमधून काढा, ज्या बाजूची डायल वर गेली त्या वेबच्या कडेवर, उंच बिंदूवर, तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका. पुन्हा मोजा.

दुसरी जात: दोन्ही डायल एकाच वेळी वर जातात. पिन वर असताना जातात तर पिनच्या समोरच्या बाजूला वेब जवळ आलेत, तिथे पाचर घालून उघडा. पिन खाली असताना जातात तर तीच बाजू फाकली आहे, व्हाइसमध्ये धरून आवळा. दोन्ही चुका मिसळलेल्या असतात, तेव्हा आधी फिरणं काढा, मग पाचर.

सातारकर६८
नाना, आमच्याकडे सेंटरिंग स्टँड नाही. लेथच्या सेंटरमध्ये चालेल?

डायलवाला_नाना
चालेल, पण शाफ्टच्या टोकाची सेंटर होल आधी पाहा. जुन्या क्रँकच्या टोकाला कोणीतरी हातोडा मारलेला असतो आणि होलची कड आत दबलेली असते. तशा होलवर धरलं तर चांगला क्रँकही आउट दाखवतो. होल रॉकेलने धुवा, कड दबली असेल तर सेंटर ड्रिलने हलकी साफ करा. टेलस्टॉकचा (लेथच्या सरकत्या टोकाचा) जोर बेताचाच ठेवा, घट्ट आवळला की वेब दबून डायल खोटं सांगते. आणि ठोका लेथवर कधीच नको, स्पिंडलची बेअरिंग जातात.

टूस्ट्रोक_गोवा
सोबत काय बदलावं ते सांगतो. मेन बेअरिंग, दोन्ही ऑइल सील, छोट्या टोकाचा ब्राँझ बुश. बेअरिंग सी३ क्लिअरन्सचीच (आत जरा जास्त फट असलेली) मागा, साधी गरम झाली की आवळतात. केस १०० अंशांच्या आसपास तापवा, पाण्याचा थेंब चुरचुरला की झालं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हाताने आत पडेल. केसमधली बेअरिंगची जागा आरशासारखी घासलेली दिसली तर बाहेरची रिंग फिरत होती. तिथे बेअरिंग फिटचं लॉकिंग कंपाउंड वापरा.

बुश दाबल्यावर रीमर मारा. गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनला) तेल लावून अंगठ्याने ढकलली की सरकावी, स्वतःहून पडू नये. मग पिन बुशमध्ये घालून केसच्या तोंडावर दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा आणि पिन त्यांवर टेकवा. एका बाजूला फट राहिली तर रॉड वाकडा आहे.

सीलचं काम हलकं समजू नका. डावा सील गेला की गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून धूर सुटतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. उजवा गेला की हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं आणि नवा पिस्टन जॅम होतो. म्हणून इंजिन जोडल्यावर, फ्रेममध्ये चढवण्याआधी प्रेशर टेस्ट करा. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबराने बंद करा, प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरा. काटा २५० वर न्या. पाच मिनिटांत फारसा उतरला नाही तर पास. उतरला तर सीलवर आणि गॅस्केटवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवेल.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टूटी तेल. पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या खाली, पण वरच्या गिअरला धापा टाकत ओढू नका. कमी वेगात जास्त लोड नव्या रोलरना वेगापेक्षा वाईट.